कान मागं ठेवणारे सोपानतात्या

सोपानतात्यांशी बोलायला उभं राहिलं की नव्या माणसाला वाटायचं, यांचं आपल्याकडं लक्षच नाही. बोलणं चालू असायचं, हसणंही चालू असायचं, पण मान जराशी वळलेली आणि नजर आपल्या खांद्यावरून मागच्या रस्त्यावर. मधेच हात वर करून ते आपल्याला गप्प करायचे.

"थांबा."

मग काही क्षण कान देऊन ऐकायचे. वाऱ्यानं कुठं पत्रा वाजलेला असायचा, नाहीतर लांब वस्तीवर पिठाची गिरणी सुरू झालेली असायची.

"न्हाई. दुसरंच काय तरी हाय. बोला तुमी."

आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू.

मी उमापूरच्या अलीकडच्या फाट्यावर पेट्रोल पंपावर मॅनेजर आहे. चकलांब्याकडून येणारी वाहनं आमच्या दारावरूनच मोठ्या रस्त्याला लागतात. सोपानतात्या ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॅक्टर त्यांचा नव्हे, गावातल्या एका बागायतदाराचा. पावसाळ्यात नांगरट, पेरणी आणि दिवाळी झाली की मागं दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस. डिझेल आमच्याच पंपावर भरायचे. उंच, काटकुळा माणूस. डोक्याला कायम मळकट टॉवेल. चहा बशीत ओतून फुंकर न घालता प्यायचे. कुणालाही एकेरी हाक मारायची तर शेवटी "बे" लावायचे, पण मला मात्र "मॅनेजर, तुमी" म्हणायचे. आतल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला अरे-तुरे करू नये, असा त्यांचा हिशेब होता.

आज जे लोक त्यांची आठवण काढतात, ते एका गंभीर, थोड्या विक्षिप्त म्हाताऱ्याची काढतात. मी त्यांना त्याआधीपासून ओळखत होतो. त्या वेळचे तात्या वेगळे होते. सगळ्या तालुक्यात त्यांच्या ट्रॅक्टरइतका नटलेला ट्रॅक्टर नव्हता. बॉनेटला झिरमिळ्या, छताला चमकीच्या माळा आणि सीटच्या मागं दोन्ही बाजूंना स्पीकरचे मोठमोठे बॉक्स. टेप लावली की पंपाच्या काचा थरथरायच्या. पोरं म्हणायची, तात्यांचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. तात्यांना ते ऐकून फार बरं वाटायचं.

मी एकदा म्हणालो होतो, "तात्या, जरा आवाज कमी ठेवा. कान जातील."

"मॅनेजर, दोन ट्रॉल्या ऊस अन् दिवसभर त्योच रस्ता. गाणं न्हाई लावलं तर झोप लागंल. मग लोक माझ्या नावानं ओरडतील."

ते हसले, टेपचा आवाज आणखी वाढवला आणि निघून गेले.

गौतम हा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्या वेळी तिशीच्या आतला असेल. तोही आमच्याकडंच डिझेल भरायचा. एका सकाळी तो आला तेव्हा तात्यांचा ट्रॅक्टर आधीच उभा होता. टेप जोरात चालू होती आणि तात्या चाकातली हवा बघत होते. गौतमनं गाडी लावली, उतरला आणि तात्यांच्या जवळ जाऊन उभा राहिला. त्यानं हातानंच टेप बंद करायची खूण केली. तात्यांनी बंद केली. एकदम सगळं शांत झाल्यामुळं त्यांचं बोलणं मला आत ऐकू आलं.

"तात्या, काल दुपारी फाट्यापासून पुलापर्यंत मी तुमच्या मागं होतो."

"मग हॉर्न द्यायचा बे."

"सायरन चालू होता."

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या पट्ट्यात एका बाजूला पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेलं होतं. समोरून वाहनं येत होती. तात्यांनी जरा वेग कमी करून डावीकडं घेतल्याशिवाय ॲम्ब्युलन्सला पुढं निघायला जागाच नव्हती. त्यांच्या आरशांपैकी एक केव्हाच फुटलेला होता आणि दुसऱ्यावर चमकीची माळ लटकत होती.

"कोण होतं आत?" तात्यांनी विचारलं.

"बाळंतीण."

"मग?"

गौतम खाली बघत राहिला.

"लेकरू हाय," तो म्हणाला.

तात्यांनी एवढंच विचारलं, "आधी पोचली असती तर वाचली असती का?"

"डॉक्टरला मीबी विचारलं. ते म्हनले, सांगता येत न्हाई. रक्त लई गेलतं. वाचली असती, न्हाईबी वाचली असती."

"म्हंजी ते आता कळायचंच न्हाई."

"न्हाई."

गौतम चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या तर तात्यांना सोपं गेलं असतं. पण तो मुळातच हळू बोलणारा माणूस. त्यानं डिझेल भरलं आणि गेला. तात्यांनी ट्रॅक्टरच्या पेटीतून पाना काढला आणि तिथंच, पंपाच्या आवारात, बॉक्स खोलायला सुरुवात केली. नट गंजलेले होते. बोटं सोलली तरी थांबले नाहीत. माळा, झिरमिळ्या, सगळं उतरवलं. बॉक्स आमच्या मागच्या खोलीत ठेवून घ्या म्हणाले. ते परत न्यायला कधी आले नाहीत.

त्यानंतर आठवडाभर ते कामावर नव्हते. मग एका सकाळी पायी आले आणि म्हणाले, "मॅनेजर, तुमची मोटरसायकल घेऊन माझ्यासंगं येता का? एकट्यानं जायचं जमंना."

कुठं, ते मी विचारलं नाही.

चकलांब्याच्या पलीकडं, माळावर मेंढरं राखणाऱ्या चार घरांची वस्ती होती. गौतमनं घर सांगून ठेवलं होतं. मेलेल्या बाईचं नाव रुक्मिण. तिचा नवरा मेंढरं घेऊन गेलेला होता. दारात तिची सासू बसली होती आणि मांडीवर लेकरू होतं, मुलगी. म्हातारी तिला बाटलीनं दूध पाजत होती. मी मोटरसायकलपाशीच थांबलो. तात्या पुढं गेले, डोक्याचा टॉवेल काढून हातात धरला आणि उभ्याउभ्याच म्हणाले,

"तुमची सून ज्या गाडीत होती, तिच्या म्होरं माझा ट्रॅक्टर होता. मी वाट दिली न्हाई."

म्हातारीनं वर पाहिलं. बाटली तशीच धरलेली होती.

"कावून दिली न्हाई?"

"ऐकू आलं न्हाई. गाणं लावलं होतं."

लेकराचं चोखणं तेवढं ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं,

"कोनतं गाणं?"

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तात्याही गोंधळले. मग त्यांनी हळूच सांगितलं. मला अंतरामुळं नीट कळलं नाही आणि नंतर मी त्यांना कधी विचारलंही नाही.

म्हातारीनं मान हलवली. "ठाव हाय मला. आमच्या लगनातबी वाजलं होतं. रुक्मिणच्याच."

तिनं लेकराला खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटायला लागली. तात्यांनी वाकून तिच्या पायापुढची जमीन शिवली. ती म्हणाली, "जावा आता. त्यो यायच्या आत जावा. त्याचं डोकं लई तापट हाय."

परत येताना तात्या मागं बसले होते. पंपावर उतरले तेव्हा त्यांच्या हातातला टॉवेल पिळून दोरीसारखा झाला होता.

त्यानंतर ते पुन्हा ट्रॅक्टरवर बसले. दुसरं काय करणार होते? पण ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना मोठे आरसे आले आणि तात्यांना तो मागं ऐकण्याचा नाद लागला. "कान मागं ठेव बे," हे त्यांचं सुरू झालं ते तेव्हापासून. कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरांची रांग लागते, एकाला एक चिकटून. तात्या रांगेतून पायी फिरायचे आणि प्रत्येकाला सांगायचे की दोन ट्रॅक्टरांच्या मधे एक गाडी शिरंल एवढी जागा सोडा. समोरून ट्रक आला तर ॲम्ब्युलन्सनं जायचं कुठं? मधेच शिरायचं ना? मग तिला शिरायला जागा ठेवा.

आणखीही बरंच सांगायचे. सायरन ऐकला की घाबरून जागच्या जागी ब्रेक मारू नका, मागचा आपटतो. आधी इंडिकेटर दाखवा, वेग उतरवा, मग डावीकडं सरका. पुलावर असाल तर पुलावर थांबू नका, पूल ओलांडा आणि मग बाजूला व्हा. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन साईडपट्टीवर उतरू नका, काळ्या मातीत चाक बसलं तर ऊस रस्त्यावर पडंल अन् मग कुणालाच जाता यायचं न्हाई. हात दाखवून पुढं बोलवायचं तर आधी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यानं मोकळा बघा. आणि एक गाडी गेली म्हणून लगेच रस्त्यावर येऊ नका, मागं दुसरी असंल.

लोकांनी त्यांची टिंगल केली. त्यांना "ट्राफिक" म्हणायला लागले. एकदा आमच्या आवारातच बाप्पा नावाचा एक ट्रॅक्टरवाला त्यांना सगळ्यांसमोर म्हणाला,

"तात्या, एक बाई तुमीच मारली अन् आमाला शिकवता होय?"

मी बाहेर आलो. मला वाटलं, आता हातघाई होणार. तात्या बाप्पाच्या ट्रॅक्टरच्या चाकाला हात टेकून उभे होते. त्यांनी हातसुद्धा काढला नाही.

"हां," ते म्हणाले. "म्हनूनच सांगतो. ज्याच्याकडनं झालं न्हाई, त्याला काय ठाव हाय? तू कावून थांबतो बे, तुझ्याकडनं व्हायची वाट बघत?"

बाप्पानं मान खाली घातली. त्यानं त्या दिवशी माफी मागितली नाही, पण पुढच्या हंगामात त्याच्या ट्रॅक्टरवरही दोन आरसे दिसले.

वरातीचा प्रसंग मात्र तात्यांच्या अंगावर आला. चकलांब्याच्या बाजारात संध्याकाळी एक वरात चालली होती. पुढं डीजेची गाडी, मागं नाचणारी पोरं, नवरदेव घोड्यावर. मागून गौतमची ॲम्ब्युलन्स आली आणि अडकली. ती पोरं तरी काय ऐकणार, आवाजच तसा होता. तात्या बाजाराला आले होते. ते गर्दीतून वाट काढत पुढं गेले, डीजेच्या गाडीवर चढले आणि हाताला लागली ती वायर उपटली. गाणं बंद पडलं आणि सायरन सगळ्यांना ऐकू आला. लोक बाजूला झाले, घोडं बाजूला झालं, ॲम्ब्युलन्स गेली. पण जाताना नवरदेवाकडच्या कुणीतरी काचेतून आत पाहिलं आणि ओरडून सांगितलं की आत कुणीच नाही, गाडी रिकामी आहे.

मग पोरांनी तात्यांना खाली ओढलं. दुसऱ्या दिवशी ते पंपावर आले तेव्हा ओठ फुटलेला होता आणि डावा डोळा सुजून बंद झाला होता.

मी म्हणालो, "तात्या, रिकाम्या गाडीसाठी मार खाल्लात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "मॅनेजर, तुमी तरी असं बोलू नका. गाडी रिकामी जाती, तवाच तर कुनीतरी तिची वाट बघत आसतं. भरलेल्या गाडीत निदान नर्सबाई तरी आसती. रिकामी गाडी ज्याच्याकडं चालली, त्याच्याजवळ कोन हाय?"

ते मला आजही आठवतं. दारावरून रिकामी ॲम्ब्युलन्स जाताना दिसली की मी आता उभा राहतो.

रुक्मिणच्या मुलीला तात्यांनी पुन्हा जवळून पाहिलं नाही. एकदा संधी आली होती. ती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. म्हातारी तिला घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होती. ऊन होतं म्हणून मी त्यांना पंपाच्या सावलीत बोलावलं. तात्या त्या वेळी डिझेल भरत होते. म्हातारी ओळखीची वाटताच ते नळी पोराच्या हातात देऊन पंपाच्या मागं गेले आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. म्हातारीला ते दिसले की नाही, मला सांगता येणार नाही. मुलगी पाण्याच्या टाकीपाशी ओंजळीनं पाणी पीत होती. म्हातारीनं मला विचारलं,

"ते ट्रॅक्टरवाले हायत का आजून?"

"हायत."

"गाणं लावत्यात का?"

"न्हाई. तवापासून न्हाई."

"लावावं म्हनावं," ती म्हणाली. "हळू लावावं."

एसटी आली आणि त्या दोघी गेल्या. मी मागं जाऊन तात्यांना तो निरोप दिला. ते गुडघ्यात डोकं घालून बसले होते. मग म्हणाले, "पोरगी कशी हाय?"

"चांगली हाय. उंच होईल."

"मायवर गेली आसंल," ते म्हणाले. ती माय त्यांनीही कधी पाहिलेली नव्हती.

गाणं त्यांनी लावलं नाही ते नाहीच.

मग त्यांचे कान जायला लागले. आधी आमच्या लक्षात आलं, त्यांच्या नंतर. हाक मारली तर दुसऱ्याच माणसाकडं बघायचे. मी त्यांना गेवराईला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, कुठं फार आवाजात काम केलं का? तात्या म्हणाले, ट्रॅक्टर. डॉक्टर म्हणाले, ट्रॅक्टर तर आहेच, पण त्याशिवाय? तेव्हा तात्यांनी बॉक्सचं सांगितलं. डोक्याच्या मागं, दोन्ही कानांना लागून, कित्येक हंगाम. डॉक्टरांनी मान हलवली. आता गेलेलं परत येत नाही म्हणाले. मशीन लिहून दिलं. तात्यांनी ते घेतलं, पण ट्रॅक्टरवर बसलं की मशीनमधून नुसती घरघर ऐकू येते म्हणून काढून खिशात ठेवायचे.

पुढच्या हंगामात एक दिवस ते उसाच्या भरल्या ट्रॉल्या घेऊन चालले होते. अचानक आरशात त्यांना निळा दिवा दिसला. त्यांनी तात्काळ वेग उतरवला, डावीकडं घेतलं आणि गाडी गेली. गौतमच होता. तो मला नंतर म्हणाला, "मी नुकताच मागं आलो होतो. त्यांनी लगेच वाट दिली. काही उशीर न्हाई झाला." पण तात्यांनी ऊस कारखान्यावर उतरवला, रिकामा ट्रॅक्टर घेऊन पंपावर आले आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"मालकाला द्या. मी बसत न्हाई आता."

"तात्या, वाट तर दिलीत की तुम्ही. गौतम सांगत होता."

मला ते दोनदा मोठ्यानं म्हणावं लागलं.

"आरशात दिसली म्हनून दिली," ते म्हणाले. "ऐकू न्हाई आली. आज आरशाकडं बघितलं. उद्या बघायचं राहिलं तर?"

मालकानं समजूत घातली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनंही सांगून पाहिलं, की घरी बसून करणार काय? ते ऐकेनात. तालुक्यात त्यांच्याहून कमी ऐकू येणारे लोक ट्रक चालवत होते. पण तात्या त्या दिवसानंतर ट्रॅक्टरच्या सीटवर चढले नाहीत.

मग ते पंपाच्या बाकावर येऊन बसायचे. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघायची सवय लावून घेतली. कुणी एकदम मान वळवली, की तात्या विचारायचे, "वाजतोय का?" वाजत असेल तर आम्ही मान हलवायचो. मग ते उठून आवारातल्या गाड्यांना आत सरकवायचे. वाजत नसेल तर पुन्हा बसायचे. दिवसातून किती वेळा विचारायचे याला काही धरबंध नव्हता. पंपावरची पोरं कंटाळायची, पण उत्तर दिल्याशिवाय राहायची नाहीत.

काविळीचं निमित्त झालं आणि तात्यांनी अंथरूण धरलं. गावात दोन-तीन ठिकाणी झाडपाल्याचं करून झालं, मग बीडला नेलं. नेताना गौतमच गाडी चालवत होता. मला कळल्यावर मी दोन दिवसांनी बीडला गेलो. पोटात पाणी झालं होतं, चेहरा ओळखू येत नव्हता. काकू खाली चटईवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आहे, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पण हे विचारतात तेव्हा मी सांगते की अजून औषध चालू आहे.

तात्यांची खाट खिडकीला लागून होती. खिडकीखाली दवाखान्याचं मोठं फाटक आणि फाटकाबाहेर हमरस्ता. मी बसल्यापासून एकामागून एक सायरन येत होते. एक आत शिरायचा, दाराशी थांबायचा, बंद व्हायचा आणि तेवढ्यात लांबून दुसरा सुरू व्हायचा. शेजारच्या खाटांवरचे लोक दर वेळी उठून खिडकीतून खाली बघायचे. मधेच रस्त्यावर कुठंतरी गाडी अडकायची आणि तो आवाज एकाच जागी वाजत राहायचा, वाजत राहायचा, मग हळूहळू पुढं सरकायचा.

तात्या डोळे मिटून पडले होते. मी हातावर हात ठेवला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ओळखलं.

"मॅनेजर, बसा."

"कसं वाटतंय?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"बरं हाय." ते थोडं थांबले. दम लागत होता. "इथं लई शांत हाय हो. आपल्या पंपावानी न्हाई. रस्ता लांब दिसतोय हितनं."

खाली एक सायरन फाटकाशी येऊन थांबला होता. कुणीतरी मोटरसायकल मधे लावली असावी. हॉर्नवर हॉर्न चालले होते. काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मी पुन्हा वाकलो. "हां तात्या," मी म्हणालो. "लई लांब हाय."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं कूस वळवून झोपले.